फवारणीचं विष आणि पेशीत शिरणारी सुई

प्रश्न : आमची राळेगाव तालुक्यात थोडी कोरडवाहू शेती आहे आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या भागातली किती तरी माणसं यवतमाळच्या दवाखान्यात भरती होती. माझे काकाजी त्यांत होते. ‘नसांच्या टोकाशी एक रसायन साचून राहिलं,’ असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. घरात तो विषय अजून निघतो. त्या रसायनाचं नाव अ‍ॅसिटिलकोलीन, हे मला आता पुस्तकातून कळलं. ते पेशीतून सुटताना कोणी प्रत्यक्ष मोजलं आहे का? जिवंत पेशीत केसाहून बारीक इलेक्ट्रोड घालून अशी रसायनं मोजतात, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं असेल तर ती सुई दवाखान्यात का नाही?
— एक विद्यार्थी, राळेगाव तालुका

उत्तर : मोजलं आहे आणि सुईही खरी आहे. पण त्या सुईला डोपामाइन दिसलं, अ‍ॅड्रिनॅलिन दिसलं, सेरोटोनिन दिसलं. तुमच्या काकाजींच्या शरीरात साचलेलं अ‍ॅसिटिलकोलीन मात्र तिला बराच काळ दिसत नव्हतं. ते का, हे कळलं की दवाखान्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं मिळतं.

आधी जागा पाहू. चेतापेशीच्या टोकाशी अतिशय बारीक पिशव्या असतात, पुस्तकात त्यांना पुटिका म्हटलेलं असेल. व्यास साधारण ४० नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशा दीड-दोन हजार पिशव्या एकीला एक खेटून बसतील. संदेश आला की पिशवी पेशीच्या आवरणाला आतून चिकटते, तिथं तोंड उघडतं, आतलं रसायन समोरच्या फटीत पडतं आणि पलीकडच्या पेशीवर जाऊन बसतं. बोट हलवण्यापासून श्वास घेण्यापर्यंत स्नायूंना हुकूम पोचतो तो असा, आणि स्नायूंकडे जाणारं हे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

नसेचा संदेश रसायनानं पोचतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची गती कमी करणारी नस चेतवली, त्या हृदयातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. त्या द्रावणातलं रसायन पुढे अ‍ॅसिटिलकोलीनच निघालं. लोवींना ही कल्पना स्वप्नात सुचली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथं सोडतो.

माझ्या मते या विषयातलं सर्वांत देखणं काम बर्नार्ड कात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. १९५० च्या दशकात लंडनमध्ये त्यांनी बेडकाच्या स्नायूत काचेची पोकळ सुई घातली आणि विद्युतदाब पाहत बसले. नस शांत, कोणी तिला हात लावलेला नाही, तरी स्नायूत मधूनच अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासची उचकी येई. द्रावणातलं कॅल्शियम कमी करून नस चेतवली, तर स्नायूचा प्रतिसाद या उचकीच्या एकपट, दुपट, तिप्पट येई. दीडपट कधी येत नसे. यावरून त्यांनी ताडलं की रसायन झिरपत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांमध्ये सुटतं. कात्झ यांना १९७० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ मध्ये कुफलर आणि योशिकामी यांनी अशा एका पुडीत अ‍ॅसिटिलकोलीनचे दहा हजारांहून कमी रेणू असतात, असा हिशेब मांडला. हे सगळं अ‍ॅसिटिलकोलीनबद्दलच होतं, पण यांतल्या कोणीच रसायनाला थेट पकडलेलं नव्हतं. स्नायूनं दिलेल्या उत्तरावरून त्यांनी प्रश्न ओळखला होता.

थेट पकडायचं तर इलेक्ट्रोड हवा. विद्युतदाब देऊन द्रावणातला पदार्थ ओळखायची विद्या प्रागच्या यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबांवर उभी केली होती आणि १९५९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना तिच्यासाठीच मिळालं. काही रेणू इलेक्ट्रॉन सहज सोडतात. डोपामाइनच्या कड्यावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. कार्बनच्या टोकाला सुमारे ०.७ व्होल्टचा दाब दिला की टोकाला पोचलेला डोपामाइनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. इलेक्ट्रॉन वाहिले म्हणजे प्रवाह आला, आणि प्रवाह मोजता आला की रेणूही मोजता येतात.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या राल्फ अ‍ॅडम्स यांच्या गटानं १९७३ मध्ये असा इलेक्ट्रोड जिवंत उंदराच्या मेंदूत बसवला. संकेत चांगला मिळाला. पण त्यातला बराचसा भाग क जीवनसत्त्वाचा होता! मेंदूत ते भरपूर असतं आणि जवळपास तेवढ्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडतं. पुढची कित्येक वर्षं ही मंडळी डोपामाइनला क जीवनसत्त्वापासून वेगळं काढण्यात खपली. टोकावर क जीवनसत्त्वाला दूर लोटणारा लेप दे, दाब झपाट्यानं चढव-उतरव, अशा नाना युक्त्या निघाल्या. त्याच सुमारास कार्बनचा तंतू हाती आला. पाच ते दहा मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाचा.

१९९० च्या सुमारास मार्क वाइटमन यांच्या गटानं हा तंतू एकट्या पेशीला भिडवला. त्यांनी निवडल्या गुरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या पेशी, ज्या घाबरल्यावर आपल्या रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. निवड हुशारीची होती. या पेशी सुट्या करता येतात, त्यांच्या पिशव्या चेतापेशीतल्या पिशव्यांहून कितीतरी मोठ्या असतात आणि आतला माल इलेक्ट्रॉन देणारा असतो. तंतूचं टोक पेशीला नुसतं टेकवलं, पेशी चेतवली आणि पडद्यावर एकामागून एक टोकदार शिखरं उमटू लागली. प्रत्येक शिखर काही मिलिसेकंदांचं. एक शिखर म्हणजे एक पिशवी.

आता तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, तर हिशेब करूनच पाहा. शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण विद्युतभार. समजा तो एक पिकोकूलोम, म्हणजे एका कूलोमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा आला. एका इलेक्ट्रॉनचा भार १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम, आणि रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन. भागाकार केला की सुमारे ३१ लाख रेणू येतात. अ‍ॅड्रिनल पेशीच्या पिशवीत साधारण एवढाच माल असतो. बारावीत पाठ केलेला फॅरेडेचा नियम इथं एका पिशवीतले रेणू मोजून देतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

प्रवाह किती लहान असतो, तेही पाहा. घरातला नऊ वॉटचा दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. शिखर असतं काही दहा पिकोअँपिअरचं. ४० धरलं तर दिव्याच्या प्रवाहाहून शंभर कोटी पटींनी कमी. म्हणून हा सगळा संच धातूच्या पिंजऱ्यात ठेवतात, नाहीतर भिंतीतल्या वायरींचा ५० हर्ट्झचा गुरगुराट पेशीचा आवाज गिळून टाकतो. भारनियमन झालं तर ज्याला मनापासून बरं वाटेल, असा जगात हे मोजमाप करणाराच एक माणूस असावा.

इथपर्यंत सुई पेशीच्या बाहेर होती. आत शिरायचं काम अँड्र्यू यूइंग यांनी नेटानं केलं. १९९० च्या आसपास त्यांच्या गटानं एका पाणगोगलगाईची चेतापेशी घेतली होती. ती इतकी मोठी की कार्बनचं टोक आत घालता येई. २०१५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात त्यांनी उंदराच्या अ‍ॅड्रिनल गाठीपासून वाढवलेल्या आणि त्या मानानं पिटुकल्या पेशींमध्ये सुई घातली. शंभर नॅनोमीटरच्या आसपासचं टोक. आतल्या पिशव्या येऊन त्या टोकाला चिकटतात, विद्युतदाबानं फुटतात आणि आपला सगळा माल तिथंच ओततात. तो मोजला. मग त्याच जातीच्या पेशीला बाहेरून टोक टेकवून ती स्वतः किती माल सोडते, तेही मोजलं.

दोन आकडे जुळले नाहीत, आणि शोध लागला तो या न जुळण्यात. पेशी पिशवीतला सगळा माल सोडत नाही. या पेशींत साधारण दोन-तृतीयांशाच्या आसपास बाहेर पडतो, उरलेला पिशवीत राहतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पिशवी कापसाच्या बोंडासारखी पूर्ण उकलून रिकामी होते. बोंड एकदा उकललं की मिटत नाही. पिशवी मात्र तोंड थोडं उघडते, थोडा माल सोडते आणि पुन्हा मिटू शकते. म्हणजे संदेश किती जोराचा द्यायचा, हे पेशी दोन प्रकारे ठरवते: किती पिशव्या उघडायच्या, आणि प्रत्येकीचं तोंड किती वेळ उघडं ठेवायचं. पाठ्यपुस्तकातलं चित्र आता बदलायला हवं असं मला वाटतं, निदान एक तळटीप तरी घालावी.

आता तुमचं अ‍ॅसिटिलकोलीन. त्याच्या रेणूवर डोपामाइनसारखे गट नाहीत. ते या दाबाला इलेक्ट्रॉन देत नाही, म्हणून कार्बनच्या टोकापुढून लाखो रेणू गेले तरी पडद्यावर रेघ सरळच राहते. मार्ग काढला तो आडवळणाचा. गोथेनबर्गमधल्याच चाल्मर्स विद्यापीठात अ‍ॅन-सोफी कान्स यांच्या गटानं कार्बनच्या टोकावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले आणि त्यांवर दोन विकरं जडवली. पहिलं विकर अ‍ॅसिटिलकोलीन तोडून त्यातलं कोलीन मोकळं करतं, दुसरं त्या कोलीनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि पेरॉक्साइड इलेक्ट्रोडला दिसतं. हे सगळं मिलिसेकंदांत व्हावं लागतं, नाहीतर शिखर पसरून सपाट होतं. २०१५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम पेशीतून सुटणारं अ‍ॅसिटिलकोलीन एकेका पिशवीच्या पातळीवर नोंदवून दाखवलं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मेई शेन यांनी निराळीच वाट धरली. काचेच्या नळीच्या अतिसूक्ष्म तोंडाशी पाणी आणि पाण्यात न मिसळणारा द्रव यांची सीमा तयार करायची; अ‍ॅसिटिलकोलीनवर धन भार असतो, तो ती सीमा ओलांडतो तेव्हा होणारा प्रवाह मोजायचा. त्यात इलेक्ट्रॉन द्यायची-घ्यायची गरजच उरत नाही.

कान्स यांच्या सुईच्या टोकावरचं पहिलं विकर कोणतं, ते आता सांगतो. अ‍ॅसिटिलकोलिनेस्टेरेज. हेच विकर आपल्या शरीरात नस आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत बसलेलं असतं आणि काम झालेलं अ‍ॅसिटिलकोलीन सेकंदाला हजारो रेणू या वेगानं तोडत असतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकी याच विकराला चिकटतात आणि ते निकामी करतात. अळी मरते ती त्यामुळेच, आणि फवारणाऱ्या माणसाची दशा होते तीही त्यामुळेच. पिशव्यांतून रसायन नेहमीसारखंच सुटतं. ते उचलणारा कोणी राहत नाही. तोंडाला लाळ, घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, छातीत घरघर, जुलाब, स्नायू फडफडणं, आणि शेवटी तेच स्नायू थकून लुळे पडतात आणि श्वास अडतो. ‘रसायन साचून राहिलं’ हे डॉक्टरांचं वाक्य अगदी बरोबर होतं.

एक पुस्ती मात्र जोडायला हवी. २०१७ च्या त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो जणांवर वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा वर धरावा लागे आणि औषध अंगावरच येई. हवा दमट, पंप जोराचे, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवय. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी नोव्हेंबरात यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच उत्पादनांची विक्री साठ दिवस थांबवली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट आणि प्रोफेनोफॉसचं मिश्रण ही विकराला बांधणारी होती. पण डायफेन्थियुरॉन पेशीच्या ऊर्जेच्या कारखान्यावर घाव घालतं; इमिडाक्लोप्रिड अ‍ॅसिटिलकोलीनच्याच खुर्चीवर जाऊन बसतं आणि त्याच्यासोबत मिसळलेलं फिप्रोनिल वेगळ्याच एका चेतासंदेशाला अडवतं. मिश्रण अंगावर आलेल्या माणसाला नक्की कशानं झालं, हे नुसत्या लक्षणांवरून सांगणं कठीण.

तर, ती सुई दवाखान्यात का नाही? एक तर ती एका वेळी एका पेशीशी बोलते, तीही काचेच्या बशीतल्या. दुसरं म्हणजे रोग्याच्या बाबतीत ‘किती अ‍ॅसिटिलकोलीन सुटलं’ हे विचारून उपयोग नसतो. ‘विकर किती शिल्लक आहे’ हे विचारावं लागतं. आणि ते विचारायला पेशीत शिरावं लागत नाही. हेच विकर आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या आवरणावरही असतं. बोटातून घेतलेल्या रक्तावरून त्याची पातळी कळते. १९६१ मध्ये जॉर्ज एलमन यांनी दिलेली, द्रावण पिवळं होण्यावर आधारलेली पद्धत आजही चालते.

इथं इलेक्ट्रोडही कामाला येतो, पण उलट्या बाजूनं. टोकावर विकर जडवा, त्याला त्याचं खाद्य द्या, प्रवाह येईल. मग नमुन्याचा थेंब टाका. त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर विकर मरेल आणि प्रवाह पडेल. सुई आंधळी होते, आणि तिचं आंधळं होणं हेच मोजमाप. पाण्यातलं, भाजीवरचं, रक्तावर परिणाम केलेलं कीटकनाशक असं ओळखणाऱ्या पट्ट्यांवर जगभर आणि भारतातही बरंच काम झालं आहे. त्या यंत्राचा सख्खा भाऊ तुमच्या गावात आधीच आलेला आहे. साखर तपासायच्या यंत्रातल्या पट्टीवरही एक विकर असतं, ते साखरेशी क्रिया करतं आणि यंत्र इलेक्ट्रॉन मोजून आकडा दाखवतं. ही मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांची, १९६२ ची.

माझं मत विचाराल तर यवतमाळला पेशीत शिरणाऱ्या सुईपेक्षा ही पट्टी हवी, आणि ती विषबाधा झाल्यावर नव्हे, जूनमध्ये हवी. या विकराची पातळी माणसामाणसांत बरीच वेगळी असते. एखाद्याचा आकडा कमी आला तर तो विषानं कमी झाला की मुळातच तेवढा होता, हे आधीची नोंद असल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या कामगारांची काम सुरू होण्याआधी तपासणी करून नोंद ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. पुढे आकडा ठरावीक टक्क्यांनी घसरला की त्या माणसाला फवारणीवरून बाजूला काढतात. तांबड्या पेशींवरचं विकर नव्या पेशी तयार होतील तसं, म्हणजे दिवसाला सुमारे एक टक्का या गतीनं भरून येतं. आज फवारलं, परवा पुन्हा फवारलं, आठवड्यानं पुन्हा, असं केलं की घट साठत जाते आणि माणसाला पहिल्या दोन वेळा काहीच जाणवत नाही. ‘इतकी वर्षं फवारतो, मला काही होत नाही’ असं म्हणणाऱ्याला हे आवर्जून सांगा.

प्रश्न : सुई पेशीत घातल्यावर पेशी मरत नाही का? आणि एवढं बारीक टोक घडवतात कसं? वर्गात मुलांनी विचारलं, मला सांगता आलं नाही.
— एक शिक्षिका, पुसद

उत्तर : टोक घडवण्यात ऐकायला वाटते तेवढी जादू नाही, हातसफाई मात्र बरीच आहे. काचेच्या केशनळीत कार्बनचा एक तंतू ओढून घेतात. नळी मधोमध तापवून दोन्हीकडे ताणली की काच वितळून तंतूभोवती आवळते. मग बाहेर आलेला तंतू ज्योतीत धरतात. कार्बन जळत जळत निमुळता होतो आणि टोकाशी शंभर नॅनोमीटरच्या आसपास उरतो. काच आणि तंतू यांच्यामधली फट राळेनं बुजवायची, नाहीतर द्रावण आत शिरतं आणि सगळं मोजमाप वाया जातं. एका बैठकीत केलेल्या टोकांपैकी बरीचशी फेकून द्यावी लागतात.

पेशी १५ ते २० मायक्रोमीटरची असते, म्हणजे टोकाच्या दीड-दोनशे पट रुंद. पेशीचं आवरण स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचं असतं आणि तो थर द्रवासारखा वाहता असतो. टोक आत गेलं की तो त्याच्याभोवती आपणहून मिटतो. मोजमाप चालू असेपर्यंत पेशी जिवंत राहते, आणि सुई आत असताना बाहेरून चेतवलं तर ती रसायन सोडते, हेही तपासून पाहिलेलं आहे. ती काय कायमची तशीच ठणठणीत राहते असा कोणाचा दावा नाही. काही मिनिटांची गाठ पुरेशी असते.

मुलांना मुंबईचंही एक उदाहरण द्या. पेशीला अजिबात न टोचता मोजता येईल का, यावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांनी काम केलं आहे. सेरोटोनिनचा रेणू अतिनील प्रकाशात स्वतः चमकतो, पण अतिनील प्रकाश पेशीला घातक. म्हणून दिसायला निरुपद्रवी अशा अवरक्त लेसरचे तीन फोटॉन एकदमच एका रेणूवर आदळवायचे. तिघांची ऊर्जा मिळून अतिनीलएवढी होते, तीही फक्त जिथं लेसर एकवटला आहे त्या बिंदूत. मैती यांचा या पद्धतीवरचा पहिला शोधनिबंध १९९७ चा, अमेरिकेत असतानाचा. तीच वाट त्यांनी पुढं मुंबईत चालवली. प्रकाशानं पेशीतली जागा दिसते, सुईनं वेळ आणि संख्या चोख मिळते. दोन्ही लागतात.

प्रश्न : आमच्याकडे धुऱ्यावर खाजकुइरीचे वेल असतात. तिच्या बियांनी कंपवात बरा होतो म्हणतात, आणि फवारणीची बाधा झाली तर धोतरा द्यावा असंही एकानं सांगितलं. यात तथ्य किती?
— एक वाचक, घाटंजी

उत्तर : पहिल्या भागात बरंच तथ्य आहे, फक्त ‘बरा होतो’ हे सोडून. खाजकुइरीच्या बियांत एल-डोपा असतं. ते दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये वेगळं काढून दाखवलं. कंपवातात मेंदूतलं डोपामाइन कमी पडतं आणि एल-डोपापासून शरीर ते बनवतं, म्हणून ते आजही या आजारावरचं मुख्य औषध आहे. लक्षणं आटोक्यात येतात, आजार जात नाही. वर सांगितलेल्या कार्बनच्या तंतूनं यात एक भर घातली. पेशींना एल-डोपा दिलं तर त्या जास्त पिशव्या सोडत नाहीत. प्रत्येक पिशवीत भरलेला माल वाढतो, पिशवीच फुगते. बियांमधलं प्रमाण मात्र बीगणिक बदलतं, त्यामुळे घरी कुटून घेऊ नये.

धोतऱ्याचं ऐकून कोणाचा तरी जीव जाईल. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेत डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात हे खरं, आणि धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि त्याचे भाऊबंद असतात हेही खरं. पण इस्पितळात ते शिरेतून, छातीतली घरघर आणि नाडी पाहत, मिनिटामिनिटाला मोजून देतात. धोतऱ्याच्या बीत किती असेल याचा नेम नाही आणि तो स्वतःच विष आहे. शिवाय अ‍ॅट्रोपिन लाळ-घाम-घरघर थांबवतं, लुळ्या पडलेल्या श्वासाच्या स्नायूंवर त्याचा उपयोग होत नाही. तिथं व्हेंटिलेटर लागतो. विकराला विषाच्या मिठीतून सोडवणारं औषध वेगळं, प्रालिडॉक्सिम, आणि तेही लवकर मिळालं तरच काम करतं. उशीर झाला की ती मिठी पक्की होते. त्यात इमिडाक्लोप्रिड किंवा डायफेन्थियुरॉनची बाधा असेल तर हा सगळा उपचारच बदलतो.

त्यामुळे वावरात कोणाला मळमळ, घाम, अंधारी असं काही झालं तर आधी पंप उतरवा, भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा. धुणाऱ्यानं हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या तरी चढवाव्यात. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन लावा, आणि गाडीत बसताना औषधाची बाटली किंवा निदान तिच्यावरची चिठ्ठी बरोबर घ्या. दोन कालवली असतील तर दोन्हींची.